गुणांचा क्रम आणि नकाशावरील रेषा : सोलापुरातील वैद्यकीय प्रवेशसंधीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सोलापूर शहरातील सात रस्ता परिसरात १९५३ साली स्थापन झालेले संगमेश्वर महाविद्यालय आहे. तेथून थोड्याच अंतरावर १९६३ साली सुरू झालेले आणि पुढे शासनाने ताब्यात घेतलेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय आहे. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत पायी जाण्यास फार वेळ लागत नाही. परंतु बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हेच अंतर पार करण्यासाठी अनेक नियमांतून वाट काढावी लागते. दरवर्षी निकालानंतर विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना पालक एकच प्रश्न विचारतात : एवढ्या गुणांवर मुलाचा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नंबर लागेल का?

या प्रश्नातील 'नंबर लागणे' हा शब्दप्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. पालक गुण सांगतात, परंतु विचारतात क्रमाविषयी. आणि क्रम म्हटला की तो कोणत्या यादीतील, हा पुढचा प्रश्न आपोआप उपस्थित होतो. प्रस्तुत निबंधात ही यादी कोणी, कशाच्या आधारे व केव्हा आखली याचा मागोवा घेतला असून, प्रवेशसंधीचा अंदाज हा केवळ गुणांच्या हिशोबाचा विषय नाही, तो प्रदेशाच्या इतिहासाचाही विषय आहे, असे प्रतिपादन केले आहे.

पात्रतेकडून क्रमाकडे

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली व पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या पहिल्या परीक्षेतून विद्यापीठात आलेले विद्यार्थी होत. त्या काळी प्रवेशाची संधी म्हणजे उत्तीर्ण होण्याची संधी. परीक्षा कठीण होती, परंतु उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या उत्तीर्ण विद्यार्थ्याशी स्पर्धा करावी लागत नसे. एकाच्या यशामुळे दुसऱ्याची जागा जात नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यावसायिक शिक्षणाच्या बाबतीत ही स्थिती पालटली. वैद्यकीय महाविद्यालयातील जागा खाटा, प्रयोगशाळा व अध्यापक यांच्या संख्येने बांधलेल्या असतात. अर्जदार वाढले, जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. इंटर सायन्सचे आणि नंतर बारावीचे भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांचे गुण पात्रता ठरविण्याऐवजी क्रम लावण्यासाठी वापरले जाऊ लागले. अर्ध्या गुणाने प्रवेश हुकल्याची खंत मराठी मध्यमवर्गीय घरात याच काळात रुजली.

विद्यापीठाची हद्द आणि सोलापूरचा विद्यार्थी

सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्याचा भाग असल्याने येथील उच्च शिक्षण प्रारंभी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते पुण्याकडे व १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापूरकडे गेले. शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. तुळजापूर सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या भागांतील रुग्ण व व्यापारी सोलापूरला येत राहिले. विद्यापीठीय नकाशावर मात्र हा मुलूख वेगळा राहिला.

ही हद्द केवळ पदवी कोणत्या विद्यापीठाची एवढेच ठरवीत असती तर तिला फारसे महत्त्व उरले नसते. परंतु महाराष्ट्र शासनाच्या प्रवेशनियमांनी वैद्यकीय महाविद्यालयातील जागा त्या त्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून बारावी झालेल्या विद्यार्थ्यांशी जोडल्या. त्यामुळे जुन्या संस्थानी सीमेला गुणवत्ता यादीच्या सीमेचे रूप प्राप्त झाले.

या व्यवस्थेमागे एक राजकीय वचन होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य असे तीन घटक मानून, व्यावसायिक व शास्त्रीय प्रशिक्षण देणाऱ्या शासकीय संस्थांतील प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे मान्य करण्यात आले होते. सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या उपखंडात तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आला, त्याचे मूळही याच विचारात आहे. मागासलेल्या प्रदेशांचा विश्वास संपादन केल्याशिवाय मराठी भाषिकांचे एक राज्य उभे राहणार नव्हते. म्हणून प्रदेशनिहाय प्रवेशाकडे केवळ संकुचित प्रांतीयता म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही.

न्यायालयीन निर्णय आणि ७०:३० चे सूत्र

प्रदेश हा निकष समानतेच्या तत्त्वाशी कितपत जुळतो, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. १९६८ साली पी. राजेंद्रन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातील जिल्हानिहाय वैद्यकीय जागावाटप रद्द केले. १९८४ च्या प्रदीप जैन प्रकरणात राज्याबाहेरील विद्यार्थ्यांसाठी काही जागा खुल्या ठेवण्याचे तत्त्व प्रस्थापित झाले व १९८६ च्या दिनेश कुमार प्रकरणातून ते एकूण जागांच्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या स्वरूपात स्थिर झाले.

महाराष्ट्रापुरता निर्णायक निकाल म्हणजे १९८६ चे निदामर्ती महेशकुमार प्रकरण. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रानुसार सर्व जागा बंदिस्त करणारी राज्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. मागास प्रदेशाचे संरक्षण हे समर्थन मुंबई-पुण्यासारख्या प्रगत विभागांना लागू पडत नाही, हे उघड होते. तथापि न्यायालयाने प्रदेशाचा विचार पूर्णपणे मोडीत काढला नाही. जास्तीत जास्त ७० टक्के जागा त्या विभागात शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवण्यास व किमान ३० टक्के जागा राज्यातील इतर विभागांतील विद्यार्थ्यांना खुल्या ठेवण्यास वाव दिला. हेच पुढे '७०:३०' या नावाने सर्वपरिचित झाले.

१९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर सर्व वैद्यकीय महाविद्यालये एकाच विद्यापीठाखाली आली. विद्यापीठीय हद्दीचा आधार संपला. परंतु विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र हे नागपूर करारातील तीन घटक प्रवेशप्रक्रियेत कायम राहिले. सोलापूर 'उर्वरित'मध्ये गणले गेले, तर तुळजापूर मराठवाड्यात.

एक हिशोब

या सूत्राचा परिणाम साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या शासकीय महाविद्यालयात १०० जागा आहेत असे मानू. १५ जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्यावर ८५ उरतात. त्यांपैकी ७० टक्के, म्हणजे सुमारे ६०, विभागातील विद्यार्थ्यांच्या व सुमारे २५ राज्यपातळीवरील. या दोन्ही भागांत पुन्हा सामाजिक आरक्षणाची विभागणी. आता अक्कलकोट व तुळजापूर येथे बारावी झालेले, एकाच प्रवर्गातील आणि समान गुणांचे दोन विद्यार्थी घेतल्यास सोलापूरच्या महाविद्यालयात पहिल्याला दोन्ही यादींत स्थान होते, दुसऱ्याला फक्त राज्यपातळीच्या यादीत. औरंगाबाद वा अंबाजोगाई येथे हेच उलट होई.

वरवर पाहता हा समतोल वाटतो. परंतु विभागांत महाविद्यालयांची संख्या समान नव्हती. 'उर्वरित' महाराष्ट्रात मुंबईतील १८४५ चे ग्रँट व १९२६ चे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, पुण्यातील १९४६ चे बी. जे., १९६२ चे मिरज आणि १९६३ चे सोलापूर अशी जुनी परंपरा होती. मराठवाड्यात पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला निघाले आणि पुढील वाढ संथ झाली. दुसरीकडे लातूरच्या महाविद्यालयांनी विकसित केलेल्या 'लातूर पॅटर्न'मुळे मराठवाड्यातून चांगले गुण मिळविणाऱ्यांची संख्या वाढत गेली. जागा थोड्या आणि गुणवंत अधिक, अशा स्थितीत मागास प्रदेशाच्या रक्षणासाठी उभारलेली भिंत त्याच प्रदेशातील विद्यार्थ्यांना आत कोंडणारी ठरू लागली.

सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने यात आणखी एक गुंतागुंत होती. विभाग ठरे तो विद्यार्थ्याच्या जन्मगावावरून नव्हे, तर बारावी जेथून झाली त्या महाविद्यालयाच्या स्थानावरून. बार्शीचा विद्यार्थी उत्तम तयारीसाठी लातूरला गेला तर त्याची तयारी सुधारे, परंतु त्याची यादीही बदले. चांगले शिक्षण मिळविण्यासाठी गाव सोडणे आणि त्यामुळे स्वतःच्या जिल्ह्यातील महाविद्यालयात 'बाहेरचा' ठरणे, ही विसंगती अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी किती पालकांच्या लक्षात येत असेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी होई. त्याचा परिणाम दोन वर्षांनी कळे.

अखेर सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ७०:३० ची पद्धत रद्द केली व राज्यासाठी एकच गुणवत्ता यादी स्वीकारली. घोषणा करणारे तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचे प्रतिनिधी होते आणि मराठवाड्यातूनच ही मागणी जोराने पुढे आली होती. नागपूर करारातील तीन घटकांचे वैद्यकीय प्रवेशातील अस्तित्व अशा रीतीने ६७ वर्षांनी संपले.

परीक्षेचे बदलते माप

यादीप्रमाणे मापही बदलत गेले. १९९९ पासून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली व बारावीचे गुण मागे पडले. २०१३ साली राष्ट्रीय पातळीवरील 'नीट' झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१४ मध्ये राज्याची सीईटी परतली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेतला. राज्याची परीक्षा अवघ्या काही दिवसांवर असताना 'नीट' सर्वांना लागू करण्याचा आदेश झाला आणि मे महिन्यात अध्यादेशाद्वारे राज्यांना त्या वर्षापुरती सवलत मिळाली. २०१७ पासून 'नीट' स्थिर झाली. या चार-पाच वर्षांत अकरावीत आलेल्या विद्यार्थ्याला आपण कोणत्या परीक्षेसाठी अभ्यास करीत आहोत, हेही निश्चित ठाऊक नव्हते.

परीक्षा तीच राहिली तरी गुणांचा अर्थ स्थिर राहत नाही. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले होते. वाढीव गुण रद्द होऊन व उत्तरसूची सुधारून ही संख्या पुढे १७ वर आली. २०२५ मध्ये देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते. गतवर्षीच्या शेवटच्या प्रवेशाचे गुण पाहून यंदाचा अंदाज बांधणाऱ्या पालकाची यात फसगत होणे अटळ होते. क्रमाची तुलना दोन वर्षांत करता येते. गुणांची तुलना बहुधा करता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. विद्यार्थ्याच्या प्रवेशसंधीचा अंदाज गुण, यादी, जागा व नियम या चार घटकांवर अवलंबून असतो. यांपैकी गुण तेवढे विद्यार्थ्याच्या हाती असतात.

२. महाराष्ट्रातील प्रदेशनिहाय यादीचे मूळ राज्यनिर्मितीच्या वेळच्या वचनात होते. तिचा हेतू न्याय्य होता. परंतु जागांची वाढ त्या वचनाच्या वेगाने झाली नाही. उणीव महाविद्यालयांची होती, तिची भरपाई मात्र यादीच्या रचनेतून करण्याचा प्रयत्न झाला.

३. सोलापूरसारख्या सीमावर्ती जिल्ह्यात रेषेचा परिणाम अधिक तीव्रतेने जाणवला, कारण येथील दैनंदिन व्यवहार रेषा ओलांडून चालतात.

४. एकच राज्य यादी आल्याने विभागांतील विषमता संपली असे म्हणता येणार नाही. ती आता शिकवणीची फी, शहरातील वास्तव्य आणि पुन्हा एक वर्ष तयारी करण्याची ऐपत या रूपांत दिसते. नकाशावर ती दिसत नसल्यामुळे तिच्याविरुद्ध दाद मागणेही कठीण झाले आहे.

प्राध्यापकांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा की, 'नंबर लागेल का' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणे टाळले पाहिजे. विद्यार्थ्याचा क्रम कोणत्या यादीत आहे, मागील दोन-तीन वर्षांत त्या यादीत शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमावर झाला, जागा वाढल्या की घटल्या आणि यंदा नियमात काय बदलले, या चार गोष्टी कागदावर मांडून संधी चांगली, काठावरची अथवा अल्प आहे असे सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल. विशेषतः काठावरच्या विद्यार्थ्याला हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, त्याचा प्रवेश हुकला तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष असेलच असे नाही. ज्या रेषेने पूर्वी तुळजापूरच्या मुलाला सोलापुरात बाहेरचे ठरविले ती त्याने आखली नव्हती; आजच्या यादीतील शेवटच्या क्रमाची रेषाही विद्यार्थी आखीत नाही.