फुटक्या अक्षरांच्या दुरुस्तीची कुळकथा

एखादी विद्या केवळ अडचणीच्या निवारणासाठी जन्मास येते आणि अडचण सरताच लोकांच्या स्मरणातून निघून जाते, तेव्हा तिचा वृत्तांत लिहून ठेवण्याचे अगत्य सहसा कोणास वाटत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुढची दहाबारा वर्षे नांदेड आणि लातूर या दोन शहरांतील सायबर कॅफेंत, संगणक प्रशिक्षणाच्या वर्गांत आणि तहसील कचेऱ्यांच्या आवारातील सेतू केंद्रांत अशी एक विद्या नांदत होती. इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरात मराठी पान उघडले असता त्यातील मोडलेली, विस्कटलेली किंवा चौकोनांनी झाकलेली अक्षरे वाचनीय करून देणे, एवढाच तिचा विषय होता. तिचा कोणताही ग्रंथ नव्हता आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे तोंडीच जात असे. परंतु तिचे कूळ शोधू लागल्यास ते छापखान्यातील खिळ्यांपर्यंत आणि निजामाच्या दफ्तरापर्यंत मागे जाते.

या कुळाची पहिली शाखा मुद्रणाची आहे. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळी मराठी मजकूर जुळविणारा कामगार अक्षरे, अर्धाक्षरे, मात्रा, वेलांट्या आणि रफार यांचे निरनिराळे खिळे घरांतून उचलून ओळीत बसवीत असे. प्रत्येक खिळा हा एक आकार होता आणि आकाराचा उच्चाराशी असलेला संबंध जुळाऱ्याच्या डोक्यात होता. संगणकावरचे पहिले मराठी फॉन्ट याच पद्धतीने तयार झाले. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे आकार बसविण्यात आले, आणि संगणक ज्याला इंग्रजी अक्षर समजत होता त्या ठिकाणी वाचकास मराठी काना किंवा अर्धा क दिसू लागला. सरकारी कचेऱ्यांत रूढ झालेले सी-डॅक या संस्थेचे योगेश आणि सुरेख, त्याचप्रमाणे छापखान्यांत व दैनिकांच्या कचेऱ्यांत चालणारे श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारखे फॉन्ट या जातीचे होते. प्रत्येक फॉन्टाची मांडणी निराळी असल्यामुळे एका फॉन्टातील मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा अर्थ नाहीसा होई. फॉन्टच नसेल तर रोमन अक्षरे, स्वराघाताची चिन्हे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक रांग तेवढी पडद्यावर उमटे.

कचेरीच्या एकाच यंत्रावर हे निभावून जात होते, कारण फॉन्ट तेथे एकदा भरला की काम संपत असे. पान दूरच्या वाचकाकडे जाऊ लागले तेव्हा मात्र प्रश्न उभा राहिला. त्यावर १९९७ साली दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दोन निरनिराळे उपाय काढले. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ ने फॉन्ट पानाबरोबरच पाठविण्याची एक पद्धत स्वीकारली, आणि नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीचे दुसरेच तंत्र घेतले. एकाने पाठविलेला फॉन्ट दुसऱ्यास उघडत नसे. पुढे नेटस्केप मागे पडले, २००३ च्या सुमारास जगातील दर दहा वाचकांपैकी नवांहून अधिक जण एक्स्प्लोरर वापरू लागले, आणि मराठी संकेतस्थळे चालविणाऱ्या पुष्कळांनी केवळ त्याच ब्राउझरासाठी पाने तयार करण्याचा शिरस्ता पाडला. हे करणाऱ्यांस दोष देणे न्याय्य होणार नाही, कारण बहुसंख्य वाचक जेथे होते तेथेच त्यांनी मराठी पोहोचविली. तथापि त्यामुळे मराठी वाचण्याचा अधिकार एका कंपनीच्या एका उत्पादनाशी बांधला गेला, ही गोष्टही विसरता येत नाही.

दुसरी शाखा संकेताची. अक्षराचा आकार साठविण्याऐवजी अक्षरच साठवावे आणि आकार देण्याचे काम यंत्रावर सोपवावे, हा विचार कानपूरच्या आयआयटीत झालेल्या जिस्ट तंत्राच्या संशोधनातून पुढे आला, १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढला, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की या नावाने त्यास प्रमाण रूप दिले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीस १२८ जागा मिळाल्या आणि त्यांचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेण्यात आला. या पद्धतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात, म्हणून वेलांटी योग्य बाजूस नेणे, रफार पुढच्या अक्षरावर चढविणे आणि जोडाक्षर घडविणे हा सारा भार ती दाखविणाऱ्या यंत्रणेवर येतो. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब नावाचा भाग करीत असे. तो इंटरनेट एक्स्प्लोरर ५ आणि विंडोज २००० यांच्याबरोबर आला, आणि मंगल हा देवनागरी फॉन्टही विंडोज २००० पासून मिळू लागला. परंतु त्यानंतर आलेल्या विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांसाठी लागणाऱ्या फायली पुष्कळदा मुद्दाम बसवाव्या लागत, आणि त्या कंपनीच्या मूळ सीडीवर असत.

ज्या यंत्रावर त्या फायली नसत, तेथे मराठवाड्याचा भूगोलच विस्कटून जाई. निलंगा लिहिले असता न च्या आधी काढावयाची वेलांटी त्याच्यानंतर येऊन ल च्या अंगावर पडे. अर्धापुरातील र, ध च्या डोक्यावर न चढता पाय मोडलेल्या स्थितीत वेगळाच उभा राही. किल्लारीतील दोन ल परस्परांपासून तुटून त्यांच्यामध्ये हलन्ताचे चिन्ह उघडे पडे. फॉन्टच नसला तर सर्वत्र रिकामे चौकोन दिसत.

येथे दुरुस्तीची विद्या कामास येई. जाणकार प्रथम रोगाचे निदान करी. पडद्यावर रोमन अक्षरांची गर्दी असेल तर पान जुन्या फॉन्टाचे आहे हे ओळखून तो फॉन्ट कंट्रोल पॅनलमध्ये भरावयाचा. रोमन अक्षरांऐवजी स्वराघाताच्या चिन्हांचे थवे असतील तर ब्राउझरच्या व्ह्यू या यादीतील एन्कोडिंग बदलून युनिकोड निवडावयाचे. अक्षरे मराठी असून मोडलेली असतील तर रीजनल सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करावयाची, सीडी घालावयाची आणि यंत्र पुन्हा सुरू करावयाचे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत संगणक हाताळणारे तरुण निर्माण केले होते, आणि ही तिहेरी चिकित्सा त्यांच्याच हातून घडत असे. त्यांस गिऱ्हाइकांची वाण नव्हती. १९९४ साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले होते, लातुरास विभागीय शिक्षण मंडळ होते आणि शिकवणीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांनी ते शहर गजबजलेले होते. निकाल, प्रवेश आणि परीक्षेचे अर्ज जसजसे महाजालावर गेले, तसतशी ही दुरुस्ती निकडीची झाली.

तिसरी शाखा साऱ्या जगाची आहे. ब्राउझरांतील भेद केवळ लिपीचा नव्हता. पानावरील चौकटीची रुंदी मोजताना एक्स्प्लोरर ५ त्यात आतील मोकळी जागा आणि कडाही धरीत असे, आणि प्रमाण नियमाप्रमाणे या गोष्टी रुंदीबाहेर मोजावयाच्या होत्या. त्यामुळे एकाच पानाच्या चौकटी दोन ब्राउझरांत दोन मापांच्या होत. एक्स्प्लोरर ६ पीएनजी चित्रांची अंशतः पारदर्शकता दाखवू शकत नसे आणि चित्राभोवती राखाडी पट्टा उमटे. ही आवृत्ती २००१ साली आली आणि तिच्यानंतरची सातवी निघण्यास २००६ साल उजाडले, म्हणून हा दोष पाच वर्षे जसाच्या तसा राहिला. पाने घडविणाऱ्यांनी अशा दोषांवर तोड काढली ती अशी की, मजकुरात इतर ब्राउझरांस निव्वळ टीप वाटेल परंतु एक्स्प्लोररास हुकूम म्हणून कळेल अशी एक अटयुक्त सूचना घालावयाची आणि तिच्या आड त्याच्यापुरते निराळे नियम लिहावयाचे. ही सोय मायक्रोसॉफ्टनेच पाचव्या आवृत्तीपासून दिली होती आणि दहाव्या आवृत्तीत ती काढून घेतली. दरम्यान २००९ च्या आठव्या आवृत्तीत पत्त्याच्या पट्टीजवळ फाटलेल्या पानाचे एक लहान चिन्ह आले. त्यावर टिचकी मारली की ब्राउझर आपल्या जुन्या आवृत्तीसारखा वागू लागे, आणि जुन्या घाटाच्या सरकारी प्रणालींवर काम करणाऱ्या कारकुनांस व शिक्षकांस हे चिन्ह चांगलेच परिचयाचे झाले.

हा वृत्तांत नांदेड-लातूरच्या संदर्भात सांगण्याचे विशेष कारण आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील कारभार प्रथम फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत चाले. रयतेची भाषा मात्र मराठी, आणि सीमेवरच्या देगलूर, बिलोली, उदगीर भागांत तिच्या जोडीस तेलुगू व कानडी. आपल्याच जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी कुणब्यास मुन्शीकडे जावे लागे. ही अडचण इतकी खोलवर मुरलेली आहे की, २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला तेव्हाही उर्दू, फारसी आणि मोडी वाचणारे जाणकार मिळवावे लागले. संस्थान गेल्यानंतर यथावकाश हा प्रदेश महाराष्ट्रात आला, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस कारभाराचे स्थान मिळाले, आणि कागद आपल्या लिपीत आला. त्यानंतर तोच कागद संगणकावर गेला आणि पुन्हा मध्यस्थाशिवाय वाचता येईना, ही गोष्ट अन्य कोठे केवळ तांत्रिक गैरसोय ठरली असती. येथे ती एका जुन्या अन्यायाची नकळत झालेली पुनरावृत्ती होती. सायबर कॅफेतला तो तरुण मुन्शीच्या जागी बसला होता. फरक एवढा की त्याने आपली विद्या गुप्त ठेवली नाही. जो विचारील त्यास ती शिकविली.

या भागातील सरकारी कागदांवर सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द कोणता, असे विचारल्यास मी शेतकऱ्यांना हा शब्द सांगेन. आणि नेमका त्यातील ऱ्य हे अक्षर देवनागरीतील मराठीस पदोपदी लागते, हिंदीस त्याचे काम पडत नाही. युनिकोडात ते दोन रीतींनी लिहिता येते: एक नुक्तायुक्त ऱ पासून, आणि दुसरी साध्या र पुढे हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. जुन्या ब्राउझरांत त्या अदृश्य चिन्हाच्या जागी चौकोन उमटे, किंवा चिन्ह गळून य वर रफार चढे. दोन्ही रीती डोळ्यास सारख्या दिसल्या तरी यंत्रास त्या भिन्न वाटतात, म्हणून एका रीतीने शोधणाऱ्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला शासननिर्णय सापडत नसे. ॲ या अक्षरास तर २००८ सालच्या ५.१ आवृत्तीपर्यंत युनिकोडात स्वतंत्र स्थानच नव्हते; अ वर चंद्र ठेवून वेळ निभावली जाई, आणि पुढच्या काही ब्राउझरांत त्या चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ येई. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणे शासनाने २००९ च्या वर्णमालेत मान्य केली. परंतु पानाची भाषा मराठी आहे असे पानातच नमूद केल्याखेरीज, आणि फॉन्टात ती वळणे असल्याखेरीज, ब्राउझर हिंदीचीच वळणे दाखवितो.

नांदेडच्या इतर लिप्यांचीही कथा याहून निराळी नाही. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या या नगरीत गुरुमुखी वाचणारे आहेत आणि उर्दू वाचणारेही मोठ्या संख्येने आहेत. उर्दूच्या नस्तालिक वळणाची उतरती ओळ ब्राउझरास साधत नसल्यामुळे उर्दू पत्रे पुष्कळ काळ मजकुराऐवजी पानाचे चित्रच चढवीत, आणि गुरुमुखीनेही निरनिराळ्या फॉन्टांचा तोच जाच सोसला.

शेवटी सुटका झाली ती दुरुस्तीने नव्हे, तर सर्वांनी एक नियम मानल्याने. २००४ साली फायरफॉक्स आणि २००८ साली क्रोम आला. फायरफॉक्ससाठी पद्मा नावाचे एक पूरक निघाले, ते जुन्या फॉन्टांची पाने वाचतावाचताच युनिकोडात बदलून देई. २०११ च्या नवव्या आवृत्तीत एक्स्प्लोररनेही पानाबरोबर फॉन्ट पाठविण्याचा सर्वमान्य प्रकार स्वीकारला. मोबाइल आल्यावर देवनागरी दाखविणे हा यंत्राचा सहजधर्म झाला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त केला, तरी जुन्या प्रणालींसाठी एज या ब्राउझरात त्याचे रूप घेण्याची तजवीज ठेवली आहे, यावरून त्या काळची किती कामे अद्याप अडकून पडली आहेत हे ध्यानात येते.

म्हणून या कुळकथेतून मला जे सांगावयाचे आहे ते स्पष्टच सांगतो. जो कागद वाचण्यासाठी विशिष्ट कंपनीचे विशिष्ट साधन लागते, तो सार्वजनिक दस्तऐवज नव्हे, मग त्याची लिपी आपली असो वा परकी. जिल्ह्याच्या प्रत्येक कचेरीने नवा मजकूर युनिकोडातच लिहावा, त्याची भाषा मराठी म्हणून नमूद करावी, आणि तो किमान दोन भिन्न ब्राउझरांत व एका स्वस्त मोबाइलवर उघडून पाहिल्याखेरीज लोकांसमोर ठेवू नये. जुन्या फॉन्टांत लिहिलेल्या हजारो फायली आजही दफ्तरांत पडून आहेत. योगेश आणि सुरेख यांची मांडणी ओळखणारी, त्यांतला मजकूर युनिकोडात उतरविणारी पिढी अजून कामावर आहे. तिला हे काम आजच अधिकृतपणे नेमून द्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. निजामाच्या दफ्तरासाठी आपण वाचकांचा शोध उशिरा आरंभिला. स्वतःच्या दफ्तरासाठी तरी तो वेळेवर व्हावा.