असमकालिक कार्य : ओळख आणि मागोवा

काम सोपवायचे, उत्तराची वाट पाहत न थांबता पुढचे काम हाती घ्यायचे आणि उत्तर आले की त्याची दखल घ्यायची, अशा रीतीने संगणकात चालणारे काम म्हणजे असमकालिक कार्य. प्रोग्रामर त्याला नुसते ‘टास्क’ म्हणतात. फाइल वाचून झाली, सर्व्हरचे उत्तर आले, बटण दाबले गेले, अशा घटना रांगेत लागतात. ‘इव्हेंट लूप’ त्यांतली एकेक उचलतो आणि तिच्यासाठी नेमलेले फंक्शन चालवतो. रायन डाल याने 2009 मध्ये नोड.जेएस आणल्यावर सर्व्हरच्या कामातही ही पद्धत चांगलीच रुळली.

अडचण अशी, की कामे ज्या क्रमाने सुरू होतात त्या क्रमाने संपत नाहीत. एकाच प्रकारची पाच कामे सोडली आणि ‘झाले’ अशी घटना आली, तर पाचांतले कोणते झाले? साध्या प्रोग्राममध्ये कोणी कोणाला बोलावले याची नोंद कॉल स्टॅक ठेवतो. येथे मात्र काम सोडणारे फंक्शन केव्हाच संपलेले असते आणि स्टॅकवर त्याची खूणही उरत नाही. म्हणून ओळख कामासोबतच पाठवावी लागते. डॉटनेटमधील घटनाधारित असमकालिक रचनेत त्यासाठी ‘युजरस्टेट’ आहे. काम सोडताना दिलेली ही वस्तू समाप्तीच्या घटनेबरोबर जशीच्या तशी परत येते. काम फसले की रद्द झाले तेही सोबत कळते. चालू असलेल्या कामाचीच ओळख दुसऱ्या कामाला दिली, तर त्या दुसऱ्या कामाची सुरुवातच नाकारावी, असा या रचनेचा दंडक आहे. तो जाचक वाटतो, पण बरोबर आहे. दोन कामांना एक ओळख म्हणजे ओळख नसल्यातच जमा.

या प्रश्नाचे मोठ्या आकारातले रूप पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत पाहता येते. भात, नागली, वरई यांची कापणी उरकली की येथील कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. हे स्थलांतर थांबवायचे तर गावात काम आणि मजुरी वेळेवर मिळायला हवी. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली (2005) उभारलेल्या ‘नरेगासॉफ्ट’ प्रणालीत काम मागण्यापासून मजुरी खात्यात पडेपर्यंतची वाट अशीच तुटक आहे. नमुना 4 मधील मागणी, हजेरीपट, कामाचे मोजमाप, मजुरी यादी, निधी हस्तांतरण आदेश म्हणजे ‘एफटीओ’ आणि शेवटी बँकेचे उत्तर. प्रत्येक टप्पा वेगळ्या हाती, वेगळ्या दिवशी पुरा होतो. मधल्या काळात मजूर दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

यातला जॉबकार्ड क्रमांक कुटुंबाचा आहे, कामाचा नव्हे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, गाव असे उतरत शेवटी कुटुंबाचा अनुक्रमांक येतो. त्याच कुटुंबाची दोन हजेरीपटांवरची मजुरी एकाच वेळी वाटेत असू शकते. ‘आमचे पैसे अडकले कुठे?’ या प्रश्नाला नेमके उत्तर द्यायचे तर हजेरीपटाचा आणि एफटीओचा क्रमांक लागतो. खाते बंद असल्याने किंवा आधार जोडलेले नसल्याने व्यवहार परतला, तर दुरुस्तीनंतर तो पुन्हा पाठवावा लागतो. जुना आणि नवा प्रयत्न एकाच मुळाशी बांधलेले नसतील तर मागोवा तेथेच तुटतो. प्रोग्राममध्येही हेच पथ्य आहे: मूळ कामाची ओळख कायम ठेवावी आणि प्रत्येक फेरप्रयत्नाला स्वतःचा क्रमांक द्यावा.

कामाच्या ठिकाणी हजेरीसाठी 2021 मध्ये ‘एनएमएमएस’ हे मोबाइल ॲप आले. त्यात स्थानखुणेसह छायाचित्रे घ्यायची असतात. डोंगरपट्टीत रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये राहते, नंतर वर चढते. म्हणून घटना घडल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ या दोन निराळ्या नोंदी हव्यात. शिवाय सर्व्हरकडून क्रमांक मिळण्याची वाट पाहता येत नसेल तेथे तो फोनवरच तयार व्हायला हवा. 128 बिटांची ‘यूयूआयडी’ त्यासाठीच वापरतात. त्यामुळे तीच नोंद दोनदा पोचली तरी दुसरी ओळखून टाकून देता येते.

अनेक सर्व्हरमधून फिरणाऱ्या कामाचा माग काढण्याची रीत गूगलने 2010 मध्ये ‘डॅपर’ या प्रणालीवरील लेखात मांडली. 2020 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ‘ट्रेस कॉन्टेक्स्ट’ हे मानक संमत केले. त्यात संपूर्ण प्रवासाला 16 बाइटांची एक ओळख आणि प्रत्येक टप्प्याला 8 बाइटांची वेगळी ओळख असते. पण एकाच प्रोग्राममध्येही काम हातून निसटू शकते. पायथनच्या ‘असिंकआयओ’त अशी एक खाच आहे. तेथील इव्हेंट लूप टास्कचा फक्त दुबळा, म्हणजे तिला स्मृतीत टिकवून न धरणारा, संदर्भ ठेवतो. टास्क सोडणाऱ्याने तिचा पक्का संदर्भ स्वतःकडे धरून ठेवला नाही, तर काम पुरे होण्याआधीच नाहीसे होऊ शकते.

कामाची खूण स्वतःकडे धरून ठेवण्याचे हे पथ्य मजुरालाही लागू आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने मागणीपासून 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क दिला. ते दिवस मोजायचे तर मागणी कधी पोचली याचा पुरावा लागतो. म्हणून मजुराने नमुना 4 देताना तारीख घातलेली पोचपावती मागून घ्यावी.