मिक्सरची स्वच्छता आणि देखभाल : जव्हार-मोखाड्याच्या घरांत तो का बिघडतो आणि कसा टिकवावा

मिक्सर बहुतेक वेळा एका दिवसात बिघडत नाही. जारच्या तळातून रोज थोडे पाणी झिरपते, वाटणाचा थर साचत जातो, मोटर वरचेवर तापते आणि मग एखाद्या सणाच्या आदल्या दिवशी ती जळते. यातले बरेचसे नुकसान रोजच्या पाच मिनिटांच्या काळजीने टाळता येते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत ही काळजी जास्तच महत्त्वाची ठरते. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर इथे मुसळधार पाऊस असतो, उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर पाणी जपून वापरावे लागते आणि वादळवाऱ्यात वीज जाते-येते. ओल, पाणीटंचाई आणि विजेचा लपंडाव या तिन्ही गोष्टी मिक्सरच्या मुळावर येतात. त्यात दुर्गम पाड्यावरून दुरुस्तीसाठी बाजाराच्या गावी जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. मजुरीच्या पैशातून घेतलेली वस्तू जास्तीत जास्त वर्षे चालावी, हा साधा हिशेब त्यामागे आहे.

मिक्सरचे भाग आणि पाण्याची वाट

- जार आणि पाते : पाते ज्या दांड्यावर फिरते, तो दांडा जारच्या तळातून खाली येतो.
- बुश : दांड्याला आधार देणारी तळातली धातूची नळी. जारमधले पाणी खाली येऊ नये म्हणून इथे वॉशर असतो.
- कपलर : जारखालचा आणि मोटरवरचा, असे एकमेकांत अडकणारे दोन दातेरी भाग.
- गॅस्केट : झाकणाची किंवा पात्याच्या बैठकीची रबरी रिंग.
- मोटर आणि कार्बन ब्रश : ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे दोन छोटे तुकडे. ते घासून झिजतात.
- ओव्हरलोड स्विच : मोटर जास्त भाराने तापली की वीज तोडणारे बटण. बहुतेक मिक्सरमध्ये ते तळाशी असून लाल रंगाचे असते.

बुश झिजला की जारमधले पाणी थेट मोटरवरच्या कपलरवर पडते. बऱ्याच मिक्सरमध्ये हे पाणी बाहेर जाण्यासाठी खोलगट जागेत एक छिद्र असते. पीठ किंवा वाटण अडकून ते बुजले, तर पाणी दांड्यावरून आत मोटरमध्ये उतरते. म्हणून जारचा तळ आणि हे छिद्र या दोन जागा सर्वात आधी पाहाव्यात.

वापर झाल्यावर लगेच काय करावे?

१. बटण शून्यावर आणावे, प्लग काढावा आणि मगच जार उचलावा.
२. चिकटलेले वाटण लाकडी किंवा प्लास्टिकच्या चमच्याने काढून घ्यावे. पात्याजवळ बोट घालू नये.
३. जार एक तृतीयांश भरेल एवढे पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून झाकण घट्ट लावावे. कमी वेगावर २० ते ३० सेकंद फिरवावे. पाणी कोमट चालेल, पण उकळते नको. बंद जारमध्ये वाफ धरून झाकण उडू शकते आणि हात-तोंड भाजते.
४. जार उपडा करून तळ पाहावा. कपलरच्या दातांत अडकलेले पीठ जुन्या टूथब्रशने काढावे.
५. गॅस्केट निघत असेल तर काढून धुवावी. खालच्या खाचेत ओला मसाला कुजून वास येतो.
६. कापडाने पुसून जार उपडा ठेवावा. पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावू नये.

मोटरचा भाग कधीही पाण्याखाली धरू नये. पिळलेल्या ओल्या कापडाने आणि नंतर कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे असते. जार रात्रभर पाण्यात भिजत ठेवण्याची सवयही सोडावी. पाणी बुशमध्ये शिरून तिथले तेल निघून जाते, दांडा गंजतो आणि पाते जड फिरू लागते.

पाणी कमी असेल तेव्हा

मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. तरीही उन्हाळ्यात याच भागातल्या पाड्यांवर बायका डोक्यावरून पाणी आणतात. अशा दिवसांत वाहत्या पाण्याखाली जार धुण्याचा सल्ला उपयोगाचा नाही.

कमी पाण्यात जार स्वच्छ करायचा तर पहिले पाणी वाया घालवू नये. वाटण काढल्यावर जारमध्ये अर्धी वाटी पाणी घालून फिरवावे आणि ते कालवणात किंवा डाळीतच ओतावे. मसालाही वाया जात नाही आणि जार निम्मा साफ होतो. मग थोडे साबणाचे पाणी आणि शेवटी एक पेला स्वच्छ पाणी, एवढ्यात काम होते. सुके वाटण असेल तर आधी कोरड्या कापडाने जार पुसून घ्यावा. वाटण्याचा क्रमही उपयोगी पडतो. आधी सुके, मग खोबरे-कोथिंबीर आणि शेवटी लसूण-मिरची किंवा सुकी मासळी घेतली, तर मधे प्रत्येक वेळी जार धुवावा लागत नाही.

इथल्या वाटणात काय जपावे?

परदेशी मिक्सर मुख्यतः ओले, मऊ पदार्थ फिरवण्यासाठी बनलेले होते. सुकी मिरची आणि खोबरे वाटताना त्यांच्या मोटरी दम तोडत. १९६० च्या दशकात अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी भारतीय वाटणाला पुरेल अशा ताकदीचा ‘सुमीत’ मिक्सर आणला आणि पुढे तो घरोघरी पोहोचला. पण ताकदवान मोटरलाही विश्रांती लागते. माहितीपट्टीवर ‘३० मिनिटे’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवावा असा घेऊ नये. सूचनापत्रात ठरावीक मिनिटे चालू आणि मधे काही मिनिटे बंद असा क्रम दिलेला असतो, तो पाळावा.

- उडीद, नागली, वरई : खळ्यावरच्या धान्यात बारीक खडे असतात. चाळून, निवडून घेतल्याशिवाय जारमध्ये टाकू नये. एक खडा पात्याची धार बोथट करतो. नागलीचे पीठ गिरणीत किंवा जात्यावरच दळावे, मिक्सरला ते काम जड जाते.
- खुरासणी : भाजून पूर्ण गार करावी. दाणा तेलकट असल्याने सलग फिरवल्यास चटणीचा गोळा होऊन पात्याखाली बसतो. थांबून-थांबून फिरवावे.
- सुकट, सुके बोंबील : भाजून, तुकडे करून, सुक्या वाटणाच्या छोट्या जारमध्ये घ्यावेत. वास राहिला तर खाण्याचा सोडा आणि थोडे पाणी घालून दहा मिनिटे ठेवावे, मग धुवावे. लिंबाची सालही चालते, पण लिंबू किंवा मीठ स्टीलच्या जारमध्ये रात्रभर ठेवू नये. त्याने डाग आणि गंज येतो.
- हळकुंडे, गुळाचा खडा : अख्खे टाकू नयेत. आधी उखळात किंवा पाट्यावर फोडून घ्यावेत.

जार दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरू नये. खडे मीठ फिरवले की पात्याला धार येते, असे सर्रास सांगितले जाते. मिठाने चिकटलेली घाण निघते, पण झिजलेली धार परत येत नाही, आणि मीठ नीट धुतले नाही तर गंज मात्र चढतो. पाते बोथट झाले असेल तर ते बदलावे.

वीज आणि व्होल्टेज

दिवे मंद झाले असतील तेव्हा मिक्सर लावू नये. व्होल्टेज कमी असले की मोटर हळू फिरते आणि तिच्याच दांड्यावर बसवलेला थंड करणारा पंखाही हळू फिरतो. वाटण तेवढेच जड आणि वारा कमी, त्यामुळे मोटर लवकर तापते.

वीज गेली की बटण शून्यावर आणून प्लग काढावा. बटण चालूच राहिले, तर वीज आल्याबरोबर मिक्सर फिरू लागतो. त्या वेळी कोणाचा हात किंवा चमचा जारमध्ये असेल, तर मोठी इजा होते. घरात लहान मुले असतील तर हा नियम कधीच मोडू नये.

ओल्या हाताने, पाणी सांडलेल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून मिक्सर लावणे धोक्याचे आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन अर्थिंगची असते. ती कापू नये किंवा दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कसाबसा प्लग बसवू नये. घराच्या वायरिंगला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर जीव वाचू शकतो.

पावसाळ्यात आणि घर बंद असताना

मिक्सर मातीच्या किंवा सारवलेल्या जमिनीवर न ठेवता फळीवर अथवा पाटावर ठेवावा. भिंतीपासून थोडे अंतर असावे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तर आत ओल धरते, त्यापेक्षा सुती कापड झाकावे. छप्पर गळून मोटर भिजली असेल, तर ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबू नये. वरून सुकलेली मोटर आतून ओली असू शकते. ती कारागिराकडून तपासूनच लावावी.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात आणि काही होळीला घरी येतात. मधले महिने मिक्सर बंद घरात पडून राहतो. जाण्याआधी जार, गॅस्केट आणि झाकण पूर्ण सुकवून वेगवेगळे ठेवावे. वाटणाचा कण राहिला तर मुंग्या, झुरळे येतात, आणि उंदीर वायर कुरतडतात. वायर गुंडाळून मिक्सर उंच जागी ठेवावा. परतल्यावर आधी वायर बोटभर-बोटभर तपासावी, पाते हलके फिरते का पाहावे आणि मगच प्लग लावावा. पाते हलत नसेल तर मोटरच्या जोरावर सोडवू नये. बुशवर खाद्यतेलाचा एक थेंब सोडून थोडा वेळ थांबावे आणि जारखालचा कपलर हाताने फिरवून पाहावा.

बिघाड कसा ओळखावा?

- मिक्सर एकदम बंद पडला : प्लग काढून जार रिकामा करावा. १० ते १५ मिनिटांनी लाल बटण दाबावे. वारंवार असे होत असेल तर कारागिराला दाखवावे. हे बटण वगळून वायर थेट जोडून घेऊ नये, त्याने मोटर जळते.
- मोटर फिरते, पाते फिरत नाही : कपलरचे दात झिजले आहेत. हा भाग स्वस्तात बदलता येतो. अनेक मॉडेलमध्ये त्याचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावून खोलू नये.
- तळातून काळपट पाणी येते : बुश किंवा वॉशर झिजला. तो बदलेपर्यंत जार वापरू नये, कारण हा मळ वाटणातही मिसळतो.
- झरोक्यातून मोठ्या ठिणग्या दिसतात, वेग कमी-जास्त होतो : कार्बन ब्रश झिजले असावेत. दोन्ही एकदम बदलावेत.
- जळका वास किंवा धूर येतो : लगेच प्लग काढावा. पुन्हा लावून पाहू नये.
- हाताला झिणझिण्या येतात : वापर तिथेच थांबवावा. चप्पल घालून काम चालवणे हा यावरचा उपाय नाही.

दुरुस्तीला जाताना मोटरसोबत सगळे जार न्यावेत. बिघाड अनेकदा जारमध्येच असतो आणि एक जार घरी राहिला तर दुसरी फेरी पडते. मॉडेलच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून आधी फोनवर विचारले, तर सुटा भाग दुकानात आहे की नाही हे निघण्यापूर्वीच कळते. आठवडे बाजाराच्या दिवशी गेल्यास दोन्ही कामे एका खेपेत होतात.