करंजियाचा आश्रम

कोठीतील मराठी कुटुंबांना गोंड हे नाव परके नाही. आदिलाबादच्या डोंगरांतील गोंड घरी गोंडी बोलत आणि बाजारात मराठीवर काम भागवीत. निजामी अमदानीत, १९४० नंतर, मारलवाईस राहून त्यांच्यासाठी शाळा उघडविणारे आणि देवनागरी लिपीत गोंडी पुस्तके करविणारे मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे कार्यही हैदराबादेस अपरिचित नाही. त्यांचे एक इंग्रज मित्र गोंडांतच, पण दूर उत्तरेस, नर्मदेच्या उगमाजवळ जाऊन राहिले होते. ते गेले ते मात्र शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून. त्यांची, आणि त्यांच्यासमवेत गेलेल्या एका मराठी तरुणाची, हकीकत आज सांगावयाची आहे.

अमरकंटकच्या पायथ्याकडे मैकलच्या डोंगरांत करंजिया नावाचे गाव आहे. भोवताली सालाचे रान. तेथील गोंडांचा बडा देव ऐनाच्या झाडात वास करतो, आणि वंशाच्या कथा गावून त्या देवाला जागविण्याचा मान प्रधान नावाच्या भाट जातीकडे असतो. शेजारचे बैगा जंगल तोडून, जाळून, त्या राखेत बी पेरीत. नांगर चालविणे म्हणजे धरणीमातेचे स्तन फाडणे, अशी त्यांची श्रद्धा होती. इंग्रजी जंगलखात्याने ही शेती थोड्याशा मुलखापुरती कोंडून टाकली. हिवताप, महारोग आणि सावकार यांना मात्र कोणी कोंडले नव्हते.

या गावी ख्रिस्ती धर्म प्रथम आला तो १८४२ च्या सुमारास. बर्लिनच्या पास्टर गोसनर यांनी पाठविलेले काही जर्मन उपदेशक आणि कारागीर येथे झोपड्या बांधून राहिले. पहिल्याच पावसाळ्यात पटकीने त्यांतील बहुतेकांचा बळी घेतला. जे वाचले त्यांतील काही पुढे नागपूरच्या स्कॉटिश मिशनला जाऊन मिळाले. त्या मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले आणि १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे छापली. गोंडांना शुभवर्तमान सांगावयास निघालेल्या या मनुष्याच्या कागदांत सर्वांत मोलाची ठरली ती गोंडांचीच लिंगोची कथा.

करंजियास पुन्हा ख्रिस्ती माणसे आली ती नव्वद वर्षांनी, आणि ती आली पुण्याहून. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. ख्रिस्त हिंदी वेषात यावा, ही टिळकांची तळमळ मनाशी धरून विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. खादी, मांडी घालून जेवण आणि ध्यान असा त्याचा क्रम होता. व्हेरियर एल्विन १९२७ साली तेथे दाखल झाले. ते एका बिशपांचे पुत्र, ऑक्सफर्डचे विद्वान, आणि थोड्याच काळात गांधीजींचे भक्त. संघातच त्यांना शामराव हिवाळे भेटले. अहमदनगर कॉलेजचे संस्थापक डॉ. भा. पां. हिवाळे यांचे हे बंधू. जमनालाल बजाजांनी एल्विनना गोंडांची वाट दाखविली, आणि १९३२ च्या आरंभी दोघे करंजियास पोचले.

माती-बांबूच्या झोपड्या, त्यांत सेंट फ्रान्सिसच्या नावाचे छोटेसे प्रार्थनामंदिर, शाळा, औषधे आणि पुढे महारोग्यांसाठी निवारा, असा तो आश्रम होता. गोंडांनी एकास ‘बडा भाई’ व दुसऱ्यास ‘छोटा भाई’ म्हणावयास आरंभ केला. तंटा निर्माण झाला तो गोंडांशी नव्हे, तर चर्चशी. नागपूरचे बिशप ॲलेक्स वुड यांनी परवाना देण्यापूर्वी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विननी ती नाकारली, आणि गोंडांचे धर्मांतर करण्यासही आपण आलो नाही, असे सांगितले. बिशपांचीही बाजू ध्यानात घ्यावयास हवी: जो धर्मगुरू धर्मच सांगणार नाही, त्यास परवाना कशाचा द्यावयाचा? पण बडा देवाच्या लोकांत राहून त्यांच्या देवाविषयी आदर उत्पन्न झालेल्या माणसाने खोटे तरी का बोलावे? बिशपाच्या या मुलाने अखेर १९३५ मध्ये चर्चच सोडले. त्यांची आई अत्यंत धर्मनिष्ठ होती; तिला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

मला मात्र या कथेत शामराव अधिक जवळचे वाटतात. एल्विन यांची कीर्ती जगभर गेली. १९५४ मध्ये ते ईशान्य सीमेवरील प्रदेशाचे सल्लागार झाले, १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९६४ मध्ये ते वारले. त्यांच्या आत्मचरित्रास साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले तेही मरणोत्तर. शामराव मंडल्याच्या मुलखातच राहिले. शाळा, औषधे, गावकऱ्यांच्या कोर्टकज्जांची कामे, हे सारे नगरकडच्या या ख्रिस्ती गृहस्थाने गाजावाजा न करता सांभाळले. आश्रम पुढे जेथे हलला त्या पाटणगढ गावातूनच जनगढसिंह श्याम हा प्रधान चित्रकार उदयास आला.

शामरावांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला, तो या प्रधानांवरच. हिस्लॉपसाहेबांना लिंगोची कथा गाऊन दाखविणाराही एक प्रधानच होता.