हिरवळीऐवजी ‘झेरिस्केप’

घरापुढील हिरवळ काढून तेथे कमी पाण्यावर तग धरणाऱ्या वनस्पतींची बाग करण्याच्या पद्धतीस ‘झेरिस्केप’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडे. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ मध्ये हा शब्द रूढ केला. नुसते दगडगोटे आणि निवडुंग म्हणजे झेरिस्केप, हा समज चुकीचा आहे. पाण्याच्या गरजेनुसार झाडांचे गट पाडणे, ठिबक सिंचन आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन, हे त्याचे मर्म.

खरी अडचण नियमांची होती. कॅलिफोर्नियात अनेक वसाहतींच्या घरमालक संघटना हिरवळीचा आग्रह धरीत. ती वाळल्यास दंड! एकीकडे सरकार म्हणे पाणी वाचवा, दुसरीकडे गवत सुकले म्हणून शेजारीच दंड आकारीत, असा हा विचित्र पेच. अखेर २०१४ च्या दुष्काळात राज्याने कायद्यात दुरुस्त्या केल्या. दुष्काळी आणीबाणीत झाडांना पाणी कमी दिल्याबद्दल सामान्यतः दंड करता येत नाही आणि हिरवळीच्या जागी कमी पाण्याची झाडे लावण्यास संघटनेला सरसकट मनाई करता येत नाही. बागेच्या मांडणीविषयी नियम मात्र ती करू शकते. १ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा आदेश काढला. त्यात पाच कोटी चौरस फूट हिरवळ बदलण्याचे उद्दिष्ट होते.