मायनसमधलं गाव

आमच्या कुर्डुवाडीत उन्हाळ्यात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात: पारा किती चढला आणि उजनी किती उतरली. 'उजनी मायनसमध्ये गेली' असं कुणी म्हणालं की लहानपणी मला प्रश्न पडायचा, धरणात उणे पाणी कसं असेल?

उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं जेमतेम ५४ टीएमसी 'उपयुक्त', बाकी सगळा 'मृतसाठा'. उपयुक्त पाणी संपलं की मोजणी शून्याखाली सुरू होते. म्हणजे मायनसमध्येही धरणात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. आणि त्या पाण्याखाली गावं आहेत.

१९८० मध्ये भीमेवरचं हे धरण पूर्ण झालं. इंदापूर, करमाळा भागातली कित्येक गावं उठली, काठावर त्याच नावानं पुन्हा वसली. पुण्याच्या हद्दीतलं जुनं पळसदेव पाण्यात गेलं. पाणी ओसरलं की आधी पळसनाथाच्या मंदिराचं शिखर दिसतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तर अख्खं मंदिर उघडं पडलं होतं. रेल्वेलाही धरणानं वाट बदलायला लावली. १८५९ मध्ये रूळ डिकसळहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आले. त्या मार्गावरचा डिकसळचा पूल पुढं रेल्वेनं सोडला आणि तो रस्त्याच्या वाहतुकीला आला.

एका शनिवार-रविवारी मी मित्रांबरोबर करमाळ्याच्या बाजूनं होडीत बसलो. ड्रोनच्या रीलमध्ये पाहिलेली 'बेटं' बघायची होती. होडीवाले मामा हसले. म्हणाले, "तुमी बेट म्हंताय, आमी माळ म्हनायचो. हितं गुरं चरायची." मग ते बोट दाखवत गेले: इथं विहीर, तिकडं मळा, पलीकडं पांद. आम्हाला नुसतं पाणी दिसत होतं.

आमच्यासाठी ती सहल होती. काठावरच्या लोकांना मात्र पलीकडं जायला होडीच जवळची. रस्त्यानं लांबचा वळसा पडतो. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. धरण होऊन चाळीस वर्षं उलटली, तरी माणसं अजून त्याच पाण्यावरून जीव मुठीत धरून जात होती.

याच पाण्यावर सोलापूर शहराची तहान भागते, माढ्याचा ऊस उभा राहतो, हेही खरंच. आमच्या घरातलं सुखही त्यातूनच आलंय. म्हणून 'मृतसाठा' हा शब्द मला आता नीट उच्चारवत नाही. धरण मायनसमध्ये गेलं की आम्हाला टँकर आठवतो. ज्यांची गावं खाली आहेत, ते त्याच दिवसांत पोरांना घेऊन आपल्या घराचं जोतं शोधायला जातात.

उजनीला गेलात तर फ्लेमिंगो जरूर बघा, लाइफ जॅकेट घाला. आणि होडीवाल्यांना एवढं विचारा: या पाण्याखाली तुमचं काय होतं?