तेरडा आणि कोचीचा महाग्रंथ

भाद्रपद उजाडला की कोकणातील बांधांवर आणि डोंगरउतारांवर तेरडा फुलू लागतो. एका पावसाळ्याचे त्याचे आयुष्य. गौरीच्या पूजेत त्याला मान. एरवी ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण त्याला हिणवतो. त्याची पिकलेली शेंग बोट लागताच तडकते, म्हणूनच १७५३ साली लिनियसने त्याच्या शास्त्रीय नावात ‘अधीर’ अशा अर्थाचा शब्द घातला. परंतु या कुळाची नोंद त्यापूर्वीच, १६८९ मध्ये, ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथाच्या नवव्या खंडात ‘ओणपू’ या मलबारी नावाने झाली होती.

हा ग्रंथ कोणी घडविला, ही कथा मला त्या फुलाहूनही रंगतदार वाटते. १६६३ साली डचांनी पोर्तुगिजांकडून कोची जिंकली. कॅथलिक धर्मगुरूंना तेथून जावे लागले. तरीही पुढे डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ योजला, तेव्हा मदत घेतली ती फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ या इटालियन कार्मेलाइट संन्याशाची! फादरांची वनस्पतिचित्रे हा आरंभीचा आधार होता. ती अपुरी ठरल्यावर काम नव्याने सुरू झाले. पहिल्या खंडांचे लॅटिन लेखन कॅसेरियस या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने केले. युरोपात ज्यांच्या पंथांनी एकमेकांचे रक्त सांडले, त्यांची लेखणी येथे एका पाल्याभोवती चालली.

मात्र औषधी गुणांचे ज्ञान त्या दोघांचेही नव्हते. ते आले इट्टी अच्युतन या एळवा वैद्याकडून आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांकडून. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून कोचीत वसलेल्या समाजाचे हे लोक. त्यांनी एका कॅथलिक संन्याशाच्या कामात हात घातला, याचे मोल आपण कमी लेखू नये.

ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात ग्रंथाचे बारा खंड छापले गेले. व्हान रेडेने शेवटचा खंड पाहिला नाही. १६९१ साली समुद्रप्रवासात तो वारला. सुरतेला त्याची भव्य कबर आहे. तिघा ब्राह्मणांची कबर वा समाधी कोणी दाखवीत नाही. पण पहिल्या खंडात त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र आहे, कोंकणीत, आणि आपल्याच नागरी लिपीत.